पाळत सरकारची, भुर्दंड वर्ध्याचा

सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना दूरध्वनी आजही जपून ठेवलेला आहे. महात्मा गांधींशी तातडीने बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तो तेथे बसवून घेतला. गांधीजींच्या टपालावर आणि आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर त्या काळी गुप्त पोलिसांची नजर असे, हेही सर्वश्रुत आहे. परकीय सत्तेच्या या उद्योगाचे समर्थन कोणी करणार नाही. तथापि पाकिटे फोडणारा माणूस तेव्हा सरकारी पगारावर असे. त्याचा पगार वर्ध्याच्या पोस्टमनने आपल्या खिशातून भरावा, ही कल्पना लिनलिथगोसाहेबांच्या सरकारला सुचली नाही.

ती स्वतंत्र भारताच्या दूरसंचार खात्याला सुचली. इंटरनेट सेवेचे क्षेत्र १९९८ साली खासगी पुरवठादारांना खुले झाले, तेव्हा परवान्यांचे तीन वर्ग पाडण्यात आले: अखिल भारतासाठी पहिला, एका दूरसंचार परिमंडळासाठी दुसरा आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी तिसरा. पहिली पाच वर्षे परवाना शुल्क माफ आणि पुढे वर्षाला एक रुपया, असे ते धोरण होते. २०१३ च्या एकात्मिक परवान्यातही तिसऱ्या वर्गाचे प्रवेशशुल्क अवघे वीस हजार रुपये ठेवले गेले. खासगीकरणाच्या त्या लाटेत न्याय्य म्हणावे असे जे थोडे होते, त्यात या तिसऱ्या वर्गाची गणना करावी लागेल. हिंगणघाटचा, आर्वीचा, पुलगावचा माणूसही आपल्या गावापुरती ही सेवा चालवू शकेल, हे त्यात गृहीत होते.

दार असे सताड उघडे. आत गेल्यावर मात्र अटींची जंत्री वाचावी लागते. ग्राहकांचे संदेश सरकारी यंत्रणांना अडवून पाहता यावेत, यासाठी लागणारी सामग्री पुरवठादाराने स्वखर्चाने बसवावी. केंद्रीय टेहळणी यंत्रणेच्या जवळच्या ठाण्यापर्यंत फायबरची जोडणी त्यानेच, पर्यायी मार्गासह, आपल्या पैशाने द्यावी. ग्राहकांच्या वापराच्या नोंदी एक वर्ष सांभाळाव्यात. डिसेंबर २०२१ पासून ही मुदत दोन वर्षे झाली. ज्यांच्याकडे परदेशाशी जोडणारे गेटवे आहे, त्यांनी तर दहा फूट बाय दहा फुटांची वातानुकूलित खोली, अखंड विजेसह, केवळ टेहळणी करणाऱ्यांसाठी विनामूल्य राखून ठेवावी, असे इंटरनेट परवान्याच्या शर्तींत लिहिलेले होते. वर्ध्याच्या पुरवठादाराचा गेटवेशी संबंध येत नाही. पण सरकारची दृष्टी कळण्यास ती खोली पुरेशी आहे. २००७ मध्ये तार नियमांत ४१९-अ हा नियम आला. त्यानुसार प्रत्येक परवाना क्षेत्रात दोन वरिष्ठ अधिकारी या कामासाठी नेमावेत, सरकारी आदेश मिळाल्याची पोच दोन तासांच्या आत द्यावी, आणि मिळालेल्या आदेशांची यादी दर पंधरवड्याला सुरक्षा यंत्रणांकडे खातरजमेसाठी पाठवावी, असे ठरले. ज्याच्याकडे एकूण सहा-सात माणसे कामाला आहेत, त्यांपैकी दोघे खांबावर चढलेले आणि एक वसुलीला गेलेला, त्याने 'दोन वरिष्ठ अधिकारी' आणायचे कोठून, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

या धंद्यातील पुष्कळ माणसे मूळची केबलवाली. दूरचित्रवाणीच्या तारा ज्या खांबांवरून आणि गच्च्यांवरून गेल्या, त्याच मार्गाने त्यांनी पुढे इंटरनेट नेले. टाळेबंदीत मुलांची शाळा तारेवर आली. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी मागितली, तेव्हा समुद्रपूरच्या कास्तकारालाही इंटरनेट ही चैनीची वस्तू राहिली नाही. बड्या कंपन्या दाट वस्ती पाहून येतात. विरळ वस्तीत, पावसाळ्यात तार तुटली तर दुपारपर्यंत जोडून देणारा माणूस बहुधा गावचाच असतो.

त्याच्या मानेवर अटींचा फास नेमका कसा आवळतो, हे पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या परवान्यातील एका कलमानुसार, लहान पुरवठादार आपली सारी बँडविड्थ एकाच मोठ्या कंपनीकडून घेत असेल, तर टेहळणीची सोय त्या मोठ्या कंपनीच्या जाळ्यात होऊ शकते. पण त्याने दोन किंवा अधिक ठिकाणांहून बँडविड्थ घेतली, तर त्याच्या स्वतःच्या ठाण्यावर टेहळणीची यंत्रणा बसविण्याची सक्ती सुरक्षा यंत्रणांच्या गरजेनुसार त्याच्यावर करता येते. म्हणजे शहाण्या दुकानदाराने जे करावे, एका ठोक व्यापाऱ्यावर विसंबू नये, भाव पडताळून घ्यावा, एक वाट बंद पडली तर दुसरी हाताशी ठेवावी, ते केल्याबद्दल त्याच्या डोक्यावर दंडवजा खर्चाची तलवार टांगलेली. ती टाळायची तर एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचे. आणि ती कंपनी पुष्कळदा त्याच गावात त्याची प्रतिस्पर्धी असते. रस्त्याच्या खोदकामात तिची फायबर तुटली की सगळे गाव अंधारात. किंवा परवान्याचा नादच सोडून बड्या कंपनीचा 'पार्टनर' म्हणून मिरवायचे, म्हणजे प्रत्यक्षात तिचा वसुली कारकून व्हायचे.

हिशेब अगदी साधा आहे. समजा, यंत्रणेला दहा लाख रुपये लागले. पाचशे जोडण्या असलेल्या पुरवठादाराच्या प्रत्येक ग्राहकावर दोन हजारांचा बोजा पडतो. पन्नास लाख ग्राहकांच्या कंपनीला दसपट मोठी यंत्रणा लागते असे धरले, तरी तिच्या ग्राहकावर पडतात दोन रुपये. पाळतीचा हा छुपा कर मुंबईच्या ग्राहकापेक्षा आर्वीच्या ग्राहकाकडून हजारपट वसूल होतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या अहवालांत हजाराहून अधिक परवानाधारक दिसतात, पण शंभरातील पंचाण्णवाहून अधिक ग्राहक पहिल्या दहा कंपन्यांकडे आहेत. या मक्तेदारीचे खापर एकट्या टेहळणीच्या खर्चावर फोडणे बरोबर होणार नाही. भांडवलाचे बळ आणि २०१६ नंतरचे दरयुद्ध ही तिची मोठी कारणे आहेत. परंतु सरकारने आपले वजन कोणत्या पारड्यात टाकले, हे लपत नाही. पाळत ठेवू इच्छिणाऱ्या सत्तेला हजार लहान दारांपेक्षा दहा मोठी दारे सोयीची असतात, हेही विसरता येणार नाही.

येथे केवळ धंदेवाल्यांच्या गाऱ्हाण्याचा विषय संपतो आणि लोकशाहीचा सुरू होतो. सरकारी तिजोरीतून जो पैसा खर्च होतो, त्याची मागणी विधिमंडळापुढे येते, त्याची लेखापरीक्षा होते, त्याबद्दल विरोधी सदस्याला प्रश्न विचारता येतो. जो खर्च परवान्याच्या अटीत लपविला, त्याला अर्थसंकल्पात ओळ नाही. फुकट मिळणारे पाणी मोजून वापरण्याची सवय कोणत्याही खात्याला नसते. २०१३ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार, केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार दूरध्वनी-टेहळणीचे आदेश काढीत होते. इतक्या आदेशांपैकी प्रत्येकाचा विचार गृहसचिव किती मिनिटे करीत असतील?

न्यायाधीशाची संमती तर आजही लागत नाही. जयप्रकाशांनी आणीबाणीत स्थापन केलेल्या लोक स्वातंत्र्य संघटनेच्या, म्हणजेच पीयूसीएलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये काही बंधने घातली. परंतु तपासणीचे काम सचिवांच्याच समितीकडे सोपविले. एका सचिवाचा आदेश इतर सचिवांनी तपासायचा, अशी ही व्यवस्था. लाचखोरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये टेहळणीचे आदेश बेकायदा ठरविले आणि नोंदी नष्ट करण्यास सांगितले; ते आदेश सचिवांच्या चाळणीतूनच आलेले होते. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा कायदा डिसेंबर २०२३ मध्ये, विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक खासदार निलंबित असताना, संसदेत संमत झाला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालील टेहळणीचे नियम आले. न्यायाधीश त्यांतही नाही.

गावचा पुरवठादार लहान आहे म्हणून सज्जनच असतो, असे समजण्याचे कारण नाही. ग्राहकांच्या नोंदी उघड्या संगणकावर ठेवणारे आणि ओळखीच्या जमादाराने तोंडी विचारले की हवे ते सांगून टाकणारे त्यांतही निघतील. खंडणीखोर आणि अतिरेकी यांच्या तपासाला अशी साधने लागतात, हेही नाकारता येणार नाही. मात्र तपास हे राज्याचे काम आहे. ठाण्याचे भाडे कोणी शेजारच्या किराणा दुकानदाराकडून वसूल करीत नाही.

भांडवलशाहीच्या माहेरघरीही हा विचार झालेला आहे. अमेरिकेने १९९४ मध्ये दूरध्वनी कंपन्यांवर टेहळणीक्षम यंत्रांची सक्ती केली, तेव्हा जुन्या यंत्रांच्या फेरफारासाठी पन्नास कोटी डॉलरची तरतूद केली. २००५ मध्ये तीच सक्ती इंटरनेटवर आली, पण तशी तरतूद नव्हती. विद्यापीठांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि ती हरली. फ्रान्सच्या घटना परिषदेने मात्र डिसेंबर २००० मध्ये सांगितले की, सार्वजनिक सुरक्षेसाठीच्या टेहळणीचा खर्च जाळे चालविण्याच्या कामाशी संबंधित नाही, म्हणून तो चालकांवर थेट लादता येणार नाही. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये नोंदी साठविण्याची सक्ती करताना पुरवठादारांना सरकारी अनुदान दिले.

टेहळणीच्या सामग्रीचा आणि जोडणीचा खर्च केंद्रीय गृहखात्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला जावा; तिसऱ्या वर्गाच्या परवानाधारकाने बँडविड्थ किती ठिकाणांहून घेतली, याचा टेहळणीच्या सक्तीशी संबंध तोडावा; आणि आदेशावर न्यायाधीशाची सही असावी. ही शेवटची मागणी मान्य न करता पहिली मान्य केली, तर सरकार आपल्या पैशाने पाळत ठेवील, इतकाच फरक पडेल. म्हणून त्या एकत्रच केल्या पाहिजेत. वर्ध्याच्या खासदारांना पुढील अधिवेशनात एक लेखी प्रश्न सहज विचारता येईल: गेल्या पाच वर्षांत तिसऱ्या वर्गाच्या किती पुरवठादारांनी परवाने परत केले, आणि टेहळणीच्या सामग्रीवर त्यांचा किती पैसा गेला? पहिल्या भागाचे उत्तर खात्याच्या दप्तरात असणारच. दुसऱ्याचे नसेल, तर तसे लेखी मागून घ्यावे.