अडीच फुटांचा खर्च



यंदा आमच्या मूर्तिजापूरच्या घरामागे सूर्यफुलं लावली. शेतातली तेलाची नव्हेत. मॅमथ रशियन नावाची, माणसाच्या दुप्पट वाढणारी. नातवाचा हट्ट! 2014 मध्ये जर्मनीत एक झाड 9.17 मीटर, म्हणजे तीस फूट वाढलं, हे त्याने वाचलेलं. आपलं निदान बारा फूट व्हावं, असं त्याचं म्हणणं.

चातुर्मासात आम्ही माती उकरत नाही. म्हणून कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर बिया टोबल्या. इंचभर खोल, दोन-दोन फुटांवर, आणि थेट जागेवरच. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर सोटमूळ दुखावतं. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून वाफा जरा उंच केला. झाड कंबरेला लागलं की बांबूचा आधार दिला.

छातीएवढी झाली आणि पानांवर केसाळ अळ्या आल्या. शेजारचे भाऊ कपाशीचा पंप घेऊन हजर. "वहिनी, एकदा मारला की काम संपलं." नातू माझ्या तोंडाकडे बघत होता. मी नाही म्हटलं.

का, ते सांगते. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्ण टळत नाहीत, चौथी मात्र सोडायचीच. कुणी म्हणेल, अळीने झाड खाल्लं, मग ही विरोधी. मला पटत नाही. ज्याचं वर्षाचं पोट कपाशीवर आहे, त्याला मी उपदेश करणार नाही. त्याची उद्योगी हिंसा आहे, त्याच्यामागे कर्ज आहे. माझ्यामागे काय होतं? हौस. हौसेपायी ठरवून मारणं म्हणजे संकल्पीच.

दुसरं, पंपातलं विष अळीपाशी थांबत नाही, हे वऱ्हाडाला वेगळं सांगायला नको. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारता फवारता शेतकरी-शेतमजूर दगावले. शिवाय सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे. मधल्या चकतीत शेकडो बारीक फुलं असतात. त्यांत दाणा भरायला मधमाशी लागते. तिलाच मारलं तर दाणे पोचट.

मी बी.कॉम., हिशेब सुटत नाही. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल भडकलं, तेव्हा आपली कढई किती परदेशी तेलावर चालते ते कळलं. पण चार झाडांनी ते भागणार नाही. लिटरभर तेलाला दोन-अडीच किलो तरी बी लागतं, आणि या पट्टेदार बियांत तेल कमीच. म्हणजे या झाडांवर घरातलं काहीही अडून नव्हतं.

मग काय केलं? लहान केसाळ अळ्या एकाच पानावर घोळक्याने असतात. सकाळी सामायिक आटोपलं की तेवढं पान खुडायचं आणि कंपाउंडपलीकडच्या रानटी झुडपांवर ठेवायचं. हेही निर्दोष नाही, पानातही जीव आहे, हे जाणते. पण कमी आणि जास्त यांत फरक असतो. तीन आठवडे हेच चाललं. बरीच पानं गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी फुलं उमलली. दिवसभर सूर्यामागे वळते ती कोवळी कळी. उमललेलं फूल पूर्वेकडेच तोंड करून राहतं, हे मलाही आत्ताच दिसलं. सकाळी ऊन पडलं की मधमाश्यांची नुसती झुंबड.

सर्वांत उंच झाड भरलं साडेनऊ फूट. नातू म्हणाला, "आजी, पंप मारला असता तर बारा झालं असतं."

असेल. मी त्याला खोटं पाडलं नाही. वहीत बियाणं, बांबू, शेणखत यांच्याखाली एक ओळ लिहिली: अडीच फूट. तो खर्च मला मान्य आहे.

तुम्हीही कार्तिकानंतर चार बिया लावून बघा. उंची मोजाच. फक्त पंप शेजाऱ्याकडेच राहू द्या.