ठिपक्यांची मांजर घरी आणण्यापूर्वी

माजलगावच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, ‘पुण्याच्या जाऊबाईंनी हौसेने बंगाल जातीची मांजर पाळली. आता दोन वर्षांनी ती आम्हाला देऊ म्हणतात. मुलांनी हट्ट धरलाय. घ्यावी का?’

भगिनींनो, नावावर जाऊ नका. ही मांजर बंगालची नव्हे. आशियात बिबट्यासारख्या ठिपक्यांची एक लहान जंगली मांजर आढळते. तिच्या शास्त्रीय नावात ‘बेंगालेन्सिस’ हा शब्द आहे. अमेरिकेतल्या जीन मिल यांनी १९६३ साली तिचा घरच्या मांजराशी संकर घडवला आणि १९८० नंतर ही जात नावारूपाला आणली. घरात पाळायची तर चौथ्या किंवा त्यापुढच्या पिढीचीच असावी. तीही भारी चपळ! कपाटावर चढेल, पडद्याला लोंबकळेल, नळाखाली पंजा घालेल. दिवसभर घराला कुलूप असेल तर कंटाळून नासधूस करणारच.

दुसरी गोष्ट खाण्याची. आपल्याकडे मांजर म्हटली की दूधभात! पण मांजराची जात मुळातच मांसाहारी. मांसातले टॉरिन हे द्रव्य मिळाले नाही तर तिचे डोळे आणि हृदय बिघडते. मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचतही नाही. घरात सामिष चालत नसेल, तिचे तयार खाद्यही नको असेल, तर जाऊबाईंना गोड बोलून नाही म्हणा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

घ्यायचीच ठरली तर जाऊबाईंना मोकळेपणाने विचारा, ‘का देताय?’ घरात जागोजागी मुतत असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवू द्या. लसीकरणाचे कार्ड मागून घ्या. नसबंदी झाली आहे का, तेही विचारा. तिचे जुने अंथरूण आणि नेहमीचेच खाद्य बरोबर आणा. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, मुलांना ओढाताण करू देऊ नका. मांजर बारा-पंधरा वर्षे जगते, तेव्हा मुलांच्या हट्टाबरोबर स्वतःची तयारीही पाहा.

आणि एक गोष्ट खास आपल्या बीडकरांसाठी. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीला जातात. उसाच्या फडात कधी कधी ठिपक्यांची इवली पिल्ले सापडतात. कुणी ‘बंगालचे पिल्लू’ म्हणून दाखवले, तरी भुलू नका. ते वाघाटीचे असू शकते. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पुरती वाढली तरी दीड किलोच्या आसपास भरते! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पूर्ण संरक्षण आहे. पाळणे, विकणे, विकत घेणे, सगळाच गुन्हा. आणि गुन्ह्याचे सोडा, तिची आई जवळच कुठेतरी दडलेली असते, रात्री पिल्लांना न्यायला येते. जुन्नर भागात वनखात्याच्या मदतीने अशी पिल्ले आईजवळ पोहोचवलेली आहेत. म्हणून पिल्लू दिसले तर उचलू नका, कुत्र्यांना लांब ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तुमच्या ओळखीत कुणी ऊसतोडीला जात असेल, तर एवढा निरोप त्यांना जरूर सांगा.