वाटाड्याचा शब्द

डोंगरात सायकल चालवणे हा आता एक स्वतंत्र खेळ झाला आहे. जाड टायरची, गिअरची, मजबूत सायकल घ्यायची, आठदहा जणांनी मिळून निघायचे आणि तीनचार दिवस घाट, जंगल आणि गावे पार करीत जायचे. अशा सहली आपल्या सह्याद्रीतही निघतात. सहल काढणारे लोक सायकली देतात, जेवणाची व मुक्कामाची सोय करतात आणि बरोबर एक वाटाड्या देतात. वाटाड्या म्हणजे वाट दाखवणारा. उर्दूत तुम्ही त्याला रहबर म्हणता. मला जे सांगायचे आहे ते या वाटाड्याविषयी आहे. सायकल शहरातून आणली तरी चालते. पण वाटाड्या त्याच डोंगरातला हवा आणि वाटेवर त्याचा शब्द शेवटचा मानला पाहिजे.

उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातली एक वाट घेऊ. पहिल्या दिवशी वाईहून निघायचे आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वरला पोहोचायचे. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरायचे. तापोळा हे कोयना धरणाच्या जलाशयाकाठचे गाव आहे. तिसऱ्या दिवशी सायकली लाँचमध्ये घालून पाण्यातून बामणोली गाठायची आणि पुन्हा चढ चढून कासच्या पठारावरून साताऱ्याला यायचे.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर. पसरणीच्या घाटात पहिल्या दोनतीन वळणांनंतर गप्पा आपोआप थांबतात. फक्त साखळीचा आणि श्वासाचा आवाज ऐकू येतो. खाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते, पण मान वळवून पाहायला उसंत नसते. पाचगणी ओलांडल्यावर हवा थंड होते, रस्त्यावर सावली येते. पुढचे जंगल फार उंच नाही. वारा जोराचा आणि जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ, म्हणून झाडे बुटकीच राहतात. पण ती इतकी दाट असतात की ऊन जमिनीवर तुकड्यातुकड्यांनी पडते. जांभूळ, हिरडा, अंजनी ही इथली ओळखीची झाडे. नशीब चांगले असेल तर फांद्यांवरून उड्या मारणारे शेकरूही दिसते. शेकरू हा आपला राज्यप्राणी. मोटारीच्या खिडकीतून तो सहसा दिसत नाही.

चढावर सगळेच वाटाड्याचे ऐकतात, कारण कुणाच्याच अंगात ताकद उरलेली नसते. खरी परीक्षा उतारावर होते. तापोळ्याचा रस्ता सुमारे ७०० मीटर खाली उतरतो. सायकल आपोआप धावू लागते आणि माणसाला वाटते, आता कशाला कुणाच्या मागे राहायचे? मागच्या हिवाळ्यात मी अशाच एका सहलीत होतो. आमचा वाटाड्या खोऱ्यातल्याच एका वाडीतला होता. एका वळणाआधी त्याने हात वर करून सर्वांना थांबवले. आम्हांला काहीच दिसत नव्हते. दोन तरुण कुरकुर करू लागले. थोड्या वेळाने झाडीतून एक गवा रस्त्यावर आला, त्याच्यामागे आणखी तीन आले, आणि ते सावकाश पलीकडे उतरले. फांद्या मोडल्याचा आवाज वाटाड्याने ऐकला होता. आमच्या कानांत फक्त वारा होता.

काही लोक म्हणतात, हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये नकाशा असतो. मग वाटाड्याला पैसे कशाला द्यायचे? हा प्रश्न मला वरवरचा वाटतो. दऱ्यांत फोन पुष्कळदा मुका होतो, ही गोष्ट सोडून देऊ. नकाशा वाट दाखवतो; पण ती वाट कुणाच्या नाचणीच्या शेतातून जाते, कोणत्या झऱ्याचे पाणी वाडीतले लोक पितात, हे तो सांगत नाही. पायवाट ही त्या लोकांची रोजची गरज आहे. ओल्या मातीतून सायकली गेल्या की चाकांची सलग चरे पडतात. उतारावर मागचे चाक करकचून दाबून घसरत गेले की माती सुटी होते. पुढच्या पावसात पाणी त्याच चरांतून वाहते आणि वाटेचा ओढा होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घ्या. सायकलस्वार तीन दिवसांनी घरी जातो. डोक्यावर भारा घेऊन त्या वाटेने चालणारी बाई तिथेच राहते.

हा खेळ जिथे वाढला त्या अमेरिकेतही हेच झाले होते. कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगरालगत १९७६ मध्ये काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींची उतारावरची शर्यत सुरू केली. उतार असा होता की ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ म्हणजे ‘पुन्हा भर’ असे नाव पडले. पुढे सायकली वाढल्या, पायी चालणारे वैतागले आणि अनेक वाटा सायकलींना बंद झाल्या. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या सायकलस्वारांच्या मंडळांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि वाटेवर कसे वागावे हे आपल्याच लोकांना शिकवायला घेतले. १९९६ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, पण त्याआधी या लोकांना रस्त्यावरची रीतभात शिकावी लागली होती. आपण वाटा बंद होईपर्यंत थांबायचे का?

तापोळ्याला संध्याकाळी पाण्याकाठी बसल्यावर आणखी एक गोष्ट मनात येते. हे पाणी फार सुंदर दिसते. पण १९६० च्या दशकात कोयना धरण झाले तेव्हा याच पाण्याखाली अनेक गावे आणि नदीकाठची चांगली शेती गेली. कित्येक कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. जी राहिली ती उतारावरच्या तुटपुंज्या जमिनीवर राहिली. या खोऱ्यातले तरुण कामासाठी मुंबईला जात आले आहेत. अनेकांनी तिथे माथाडी म्हणून ओझी वाहिली. अशा ठिकाणी शहरातली माणसे हौसेने सायकली घेऊन येतात, तेव्हा त्या पैशातला चांगला वाटा गावात पडला पाहिजे, असे मला वाटते. वाटाड्याला केवळ जेवण आणि थोडी बिदागी देऊन भागवणे बरोबर नाही. त्याला ठरलेली मजुरी मिळावी, चांगली सायकल मिळावी आणि सहल थांबवण्याचा अधिकारही मिळावा. मुलींनाही हे काम शिकवता येईल. जंगलातल्या वाटा त्यांना काही कमी ठाऊक नसतात.

कासच्या पठारावर याची गरज सर्वांत जास्त भासते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यांत कासही आहे. पावसाळ्याच्या शेवटी तिथे जांभ्यावरच्या बोटभर मातीत लहान लहान फुले येतात. त्या मातीवरून एक चाक गेले तरी ती उखडते. म्हणून तिथे सायकल डांबरी रस्त्यावरच ठेवावी आणि फुले पाहायची असतील तर ठरवून दिलेल्या वाटेने पायी जावे. भर पावसाळ्यात तर मातीच्या वाटांवर सायकल नेऊच नये. सहल काढणाऱ्यांना हे नुकसानीचे वाटेल, पण वाटाडा ‘आज नाही’ म्हणाला तर त्या दिवशी सायकली मुक्कामाच्या ओसरीवर टेकवून ठेवाव्यात.