पहिली आली, हाच गुन्हा!

वयात आलेल्या पुरुषाच्या अंगी बळ अधिक, म्हणून मुलींच्या स्पर्धा वेगळ्या असाव्यात, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी कायद्याचा दंडुका उगारणाऱ्यांना मी विचारतो : मुलगी ही मुलगीच, हे ठरवणार कोण आणि कसे?

अमेरिकेतल्या यूटा राज्याचेच पाहा. जन्माने मुलगी नसलेल्यांना शालेय मुलींच्या स्पर्धांत मज्जाव करणारे विधेयक मार्च २०२२ मध्ये तिथे मंजूर झाले. गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी नकाराधिकार वापरला; हिशेबही मांडला. माध्यमिक शाळांतले खेळाडू ७५,०००. त्यांत पारलिंगी चार, मुलींत खेळणारी अवघी एक! विधिमंडळाने तरीही कायदा रेटलाच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक प्रकार उघडकीस आला. दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्या मुलींच्या आईबापांनी पहिलीवर संशय घेतला, आणि शालेय क्रीडासंघटनेने तिचे बालवाडीपासूनचे दाखले तिच्या नकळत तपासले. निष्पन्न काय? पोर पहिल्यापासून मुलगीच!

असल्या रक्षणाला मुलींनी ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ असेच म्हणावे. वाचकहो, उद्या तुमची लेक पहिली आली, तर तिला ओवाळायचे, की तिचा दाखला शोधायचा?