जुन्या संगणकावर विंडोज 11 टाकण्याआधी

विंडोज 10चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. त्यावर चालणारे संगणक त्यानंतरही पूर्वीसारखेच सुरू होतात, पण दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांना मिळत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून या दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026पर्यंत घेण्याची सोय कंपनीने ठेवली. ही फक्त वाढीव मुदत आहे.

विंडोज 11साठी लागणारी 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा बहुतेक यंत्रांत असतेच. अडते ते टीपीएम 2.0 हा सुरक्षा घटक, सिक्युअर बूट आणि प्रोसेसरपाशी. टीपीएम अनेकदा यंत्रात असते, पण बायॉसमध्ये बंद असते. इंटेलच्या यंत्रांत ते पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने सापडते. या सेटिंगला हात लावण्याआधी डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू आहे का, हे बघावेच. चालू असेल तर संगणक पुन्हा सुरू होताना 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती हाताशी नसेल तर डिस्कवरचे सगळे काम कुलपात अडकते.

प्रोसेसरची अट मात्र सेटिंग बदलून सुटत नाही. इंटेलची साधारण आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. सातव्या पिढीतल्या एका प्रोसेसरला निवडक यंत्रांपुरती मुभा मिळाली. त्यांत मायक्रोसॉफ्टचाच सर्फेस स्टुडिओ 2 आहे. मग त्याच पिढीची इतर धडधाकट यंत्रे भंगाराच्या वाटेला का लावायची, याचे पटणारे उत्तर मिळत नाही. पळवाटेने विंडोज 11 बसवता येते, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळण्याची हमी कंपनी देत नाही. ज्या संगणकावर बँकेचे किंवा पगारपत्रकाचे काम होते, त्यावर हा प्रयोग करू नये.

यंत्र कूर्मगतीने चालते, ते बहुधा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम 8 जीबी केली, की तेच यंत्र ओळखू येत नाही. ही दुरुस्ती आधी करावी. प्रोसेसर यादीबाहेरचाच असेल तर लिनक्स मिंट हा चांगला पर्याय आहे. पेन ड्राइव्हवरून ते काही न बसवता चालवून बघता येते. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर त्यातच तपासून घ्यावेत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात मिळतो.

खरी पंचाईत होते ती छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत. पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती 2001 सालची, पण वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि अहवाल त्यातच पडून आहेत, तेही युनिकोडपूर्व फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्यातच विंडोज 11ची 32 बिट आवृत्ती नाही. म्हणून 32 बिट विंडोज 10 असलेल्या यंत्रावर नवी विंडोज कोरीच बसवावी लागते, आणि 32 बिट ड्रायव्हरवर चालणारे फाँटचे डोंगल किंवा जुना प्रिंटर तिथे चालत नाही. अशा ठिकाणी जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवावे आणि नवे काम युनिकोडमध्ये दुसऱ्या यंत्रावर सुरू करावे. पुन्हा लागणारा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून तपासून घ्यावा. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात.

कोणताही मार्ग धरला तरी बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि त्यातल्या चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघाव्यात. विंडोज 10वरून थेट 11वर गेल्यास मागे फिरण्यासाठी साधारण 10 दिवस मिळतात. प्रिंटर, स्कॅनर, टॅली आणि डिजिटल सहीचे टोकन यांची चाचणी त्या मुदतीतच उरकावी.