नववी खुर्ची

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात केस कापणारे, नखे रंगवणारे आणि फेशियल करणारे यांच्या धंद्यासाठी सरकारचे एक सल्लागार मंडळ आहे. २०२१पर्यंत अशी दोन मंडळे होती, वस्तऱ्याचे वेगळे आणि ब्युटिशियनांचे वेगळे. त्या वर्षी कायदा बदलला आणि दोन्ही एकात आली. नव्या मंडळात नऊ खुर्च्या आहेत. चार परवानाधारक कारागिरांच्या, दोन सलून-पार्लर चालवणाऱ्यांच्या, दोन हे काम शिकवणाऱ्या शाळा चालवणाऱ्यांच्या. नववी जनतेच्या प्रतिनिधीची. सल्ला कशाचा द्यायचा, तेही ठरलेले आहे: नवख्याने काय शिकायचे, परीक्षेत काय विचारायचे, नियम कसे असावेत.

थोडक्यात, आठ जण आतले आणि एक बाहेरचा. पुढची पंगत कधी बसवायची, हे पानावर बसलेल्यांना विचारण्यासारखेच हे. त्यांचे उत्तर ठरलेले: अजून भात यायचाय!

यावर लगेच कुणी म्हणेल, मग काय, ज्याने जन्मात कात्री धरली नाही त्याने या धंद्याचे नियम करायचे? नाही. कंगवा दोन गिऱ्हाइकांमध्ये कसा धुवायचा, केस सरळ करण्याचे औषध टाळूवर किती वेळ ठेवले तर भाजते, हे हात घातलेल्यालाच कळते. त्यांना वगळून मंडळ करणे हा शुद्ध खुळेपणा होईल. प्रश्न त्यांच्या असण्याचा नाही. इतर कुणी जवळजवळ नसण्याचा आहे.

आपल्या ओळखीच्या कामावरूनच पाहू. कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये आयब्रो करायला बसलेली बाई दोन्ही हातांच्या बोटांनी पापणीवरची कातडी ताणून धरते. पार्लरवाल्या ताई रिळाचा दोरा ओढतात, एक टोक दातात धरतात, मधे पीळ घालतात. मग बोटांतला तो फास उघडतो-मिटतो, आणि भुवईखालची लव त्यात सापडून उपटली जाते. ना ब्लेड, ना रसायन, ना वीज. डोळ्यांत टचकन पाणी, वर थोडी पावडर, की झाले काम.

हीच कला घेऊन आपल्याकडची माणसे टेक्ससला गेली आणि तिथल्या मॉलमध्ये त्यांनी धंदा थाटला. परवाने देणारे सरकारी खाते म्हणाले, परवाना काढा. परवान्यासाठी ७५० तास शाळेत बसा. दिवसाला आठ तास धरले तरी हे चौऱ्याण्णव दिवस होतात, रविवार सोडून. फी साडेतीन हजार ते नऊ हजार डॉलर. आणि एवढे करून त्या अभ्यासक्रमात थ्रेडिंग शिकवलेच पाहिजे, असे शाळांवर बंधन नव्हते! २००९ साली काही थ्रेडिंगवाले कोर्टात गेले. हा खटला पटेल खटला म्हणून ओळखला जातो. ७५०पैकी ३२० तासांपर्यंतचा भाग थ्रेडिंगशी असंबद्ध आहे, हे खुद्द सरकारी बाजूने कबूल केले. २६ जून २०१५ रोजी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट राज्यघटनेच्या विरुद्ध ठरवली. आफ्रिकन पद्धतीच्या वेण्या घालणाऱ्यांचीही परवान्याच्या अटीतून त्याच वर्षी सुटका झाली. ती मात्र विधिमंडळाने केली.

असे प्रश्न सोडवायला कोर्ट किंवा विधिमंडळ लागावे, यात नवल नाही. मंडळात हा विषय काढणार कोण? शाळा चालवणारा? तो तर तासच विकतो. तास जितके जास्त तितकी फी जास्त. शिवाय अशा अनेक शाळांत विद्यार्थिनी सरावासाठी खऱ्या गिऱ्हाइकांचे केस कापतात, आणि गिऱ्हाइकाचे पैसे शाळेच्या गल्ल्यात जातात. फी विद्यार्थिनीची, मेहनतही तिचीच. परवानाधारक कारागीर काढेल? त्याने सगळे तास भरलेत, कर्ज काढून भरले असतील. नव्या पोरीला कमी तासांत सोडा म्हणायला मन मोठे लागते, आणि मोठ्या मनाची अट कायद्यात घालता येत नाही. २०२१मध्ये केशसौंदर्याच्या मुख्य परवान्याचे १५०० तास १०००वर आले, तेही विधिमंडळाच्या कायद्याने.

टेक्ससच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे मंडळ फक्त सल्ला देते. नियम करणारा आयोग सात जणांचा आहे आणि त्यात सगळे जनतेतले, धंद्यातला एकही नाही. कागदावर रचना चोख आहे. पण वॅक्स किती गरम असावे, हे त्या सात जणांना कुठून कळणार? ते या नऊ जणांकडेच वळून बघणार.

याहून वाईट नमुना नॉर्थ कॅरोलिनाचा. तिथल्या दंतवैद्यक मंडळावर आठपैकी सहा जण दवाखाना चालवणारे दंतवैद्य होते, आणि त्यांना निवडून देणारेही दंतवैद्यच. मॉलमधले ठेले आणि सलून स्वस्तात दात पांढरे करून देऊ लागले, तशी या मंडळाने हे बंद करा म्हणून किमान ४७ पत्रे धाडली. सौंदर्य व्यवसायाच्या मंडळालाही गळ घातली, की तुमच्या लोकांना आवरा. दातांच्या काळजीपोटी? असेल. पण तक्रारी स्वस्त दराच्याच जास्त होत्या. फेब्रुवारी २०१५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की ज्या मंडळाचा लगाम त्याच बाजारात कमावणाऱ्यांच्या हातात आहे, त्याच्यावर सरकारची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर त्याला स्पर्धा कायद्यापासून सरकारी संरक्षण मिळणार नाही.

आपल्याकडे पार्लर काढणारीच्या वाटेत असे मंडळ आडवे येत नाही. दुकानाची नोंदणी आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेले कोर्सचे सर्टिफिकेट यावर बहुतेकींचे भागते. त्याचे तोटे आहेत, आणि भाजलेल्या टाळूला ते विचारावेत. म्हणून कुणी उद्या परवान्याची भाषा बोलू लागलेच, तर आधी खुर्च्यांची यादी मागावी. तासांचा विषय निघाला की शाळावाल्यांना मत देता कामा नये. गिऱ्हाइकांच्या खुर्च्या किमान तीन हव्यात. आणि एक खुर्ची अशा मुलीसाठी हवी, जिच्याकडे अजून परवाना नाही आणि जी तो मिळवायला पैसे साठवते आहे.

टेक्ससच्या नऊ खुर्च्यांत तिच्यासाठी राखलेली एकही नाही.