भूल आणि भूलथाप

मराठीत ‘भूल’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी देतात ती भूल, रानात वाट चुकते ती भूल, आणि गोड बोलून एखाद्याला गुंडाळायचे असेल तर त्या भूलथापा. दंतवैद्याच्या खुर्चीत लहान मूल बसते तेव्हा या तिन्ही अर्थांची गर्दी होते. डॉक्टर भूल देतात, मूल भांबावते आणि आईबाप ‘काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होईल’ अशी थाप मारून मोकळे होतात. आमचे म्हणणे असे की, मुलाच्या दातांवर उपचार करवून घेताना वेदना आणि सोय तोलण्याची वेळ आली, की आपण पालक बहुधा सोयीच्या पारड्यावर हलकेच बोट ठेवतो. आणि ते बोट दिसू नये म्हणून त्यावर ‘मुलाच्या भल्यासाठी’ ही शाल पांघरतो.

पहिली पळवाट ठरलेली: ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत.’ समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात हे खरे. मागच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर तिला अजून सहा-सात वर्षे चावण्याचे काम करायचे आहे. ती वेळेआधी काढली की शेजारचे दात रिकाम्या जागेकडे सरकू लागतात आणि पुढे येणाऱ्या कायमच्या दाताची जागा आक्रसते. त्यातच सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, सर्वांच्या मागे कायमची दाढ गुपचूप उगवते. तिलाही दुधाचीच समजून घरोघरी तिची हेळसांड होते. असो. किडलेला दात रात्री ठणकतो, तेव्हा तो दुधाचा आहे म्हणून कमी ठणकत नाही, एवढेच इथे पुरे.

आमच्या घरी हा प्रश्न चार किडक्या दाढांच्या रूपाने आला. मूल सहा वर्षांचे. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, जागेपुरते बधिर करून चार बैठकांत काम करणे. लहान मुलांच्या खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू एकाच दिवशी बधिर करणे सहसा टाळतात, कारण बधिरता उतरेपर्यंत मूल ओठ आणि जीभ चावून जखम करून घेते. दुसरा मार्ग, संपूर्ण भूल देऊन एका दिवसात सारे उरकणे. मुलाला काही कळणारच नाही, ही या मार्गाची एक मोहिनी. आमच्या रजा वाचणार, ही दुसरी. नातेवाइकांशी बोलताना पहिल्या मोहिनीचाच उच्चार होतो, दुसरी मनातल्या मनात हिशेब करीत बसते. आम्ही दोघांनी दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहून काढल्या आणि चार बैठका पत्करल्या. मूल बोलते होते, समजावल्यावर ऐकणारे होते, कीड खोल गेलेली नव्हती. यांतले एखादे कारण जरी वेगळे असते, तरी निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

कारण सोय हा शब्द आम्ही तुच्छतेने वापरत नाही. रोजंदारीवर जाणारी आई मुलाला घेऊन एस.टी.ने तालुक्याच्या गावी येते, तेव्हा चार बैठका म्हणजे चार दिवसांची बुडालेली मजुरी. दुसऱ्या बैठकीनंतर ती आली नाही, तर दाढ अर्धवट उपचारांत अडकते आणि दुखणे वाढते. तिने ‘काढूनच टाका’ म्हटले तर तिला निष्ठुर ठरविण्याचा अधिकार महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या आम्हां मंडळींना नाही. अगदी लहान मूल असेल, तोंडभर कीड असेल किंवा मुलाला समजावणेच शक्य नसेल, तर संपूर्ण भूल हाच दयाळू मार्ग ठरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक काळ दिल्या जाणाऱ्या भुलेविषयी होता. त्याचा बागुलबुवा करून गरज असतानाही भूल नाकारणे, हा दुसऱ्या टोकाचा आततायीपणा झाला.

मुलांची वेदना कमी लेखण्याचा इतिहास मात्र लांबलचक आहे, आणि तो अडाण्यांचा नव्हे, शिकलेल्यांचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांतही नवजात बालकांवर अत्यल्प भुलेत शस्त्रक्रिया होत असत. त्यांना वेदना जाणवतच नाहीत अशी समजूत होती. कंवलजीत सिंग आनंद यांच्यासारख्या संशोधकांनी 1987 मध्ये पुराव्यांनिशी तिला आव्हान दिले. दंतवैद्यकात तर रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करणे हे रीतसर तंत्र होते. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या संघटनेने ते आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून 2006 मध्ये वगळले. मूल गप्प झाले म्हणजे त्याचे दुखायचे थांबले, हा समज कुणाच्या सोयीचा होता हे सांगायला नको.

वेदना मोजायची कुणी, हा खरा पेच आहे. संस्कृतातला ‘वेदना’ हा शब्द जाणण्याच्या धातूपासून आला आहे. म्हणजे ज्याला जाणवते त्याचीच साक्ष ग्राह्य. 2020 साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत याच अर्थाचे म्हटले आहे: व्यक्ती दुखते म्हणाली तर तिच्या म्हणण्याचा मान राखावा. आमच्या मुलाने पहिल्या बैठकीनंतर सांगितले की सुईपेक्षा ‘तो घूं घूं आवाज’ वाईट होता. आम्ही तयारी केली होती ती सुईची! दुसऱ्या बैठकीपूर्वी प्रश्न आला, “आई, दुखणार नाही म्हणतेस, मग इंजेक्शन कशाला?” यावर उत्तर एकच आहे, आणि ते खरे बोलण्याचे आहे: थोडे दुखेल, मग दुखणार नाही. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही रीत बालदंतवैद्यकात 1959 पासून नोंदलेली आहे. तिला जोड हवी ती हात वर करण्याच्या खुणेची. मुलाने हात उचलला की यंत्र थांबलेच पाहिजे. हात वर असताना ‘झालंच, दोन मिनिटं’ म्हणणारा डॉक्टर आणि त्याला मान डोलावणारे पालक मिळून मुलाचा शब्दांवरचा विश्वास घालवतात. मराठी शिकवणाऱ्यांना ही हानी दाताच्या हानीहून लहान वाटत नाही.

आता तर असेही उपाय आहेत, ज्यांत वेदना आणि वेळ दोन्ही वाचतात. नॉर्ना हॉल या स्कॉटिश दंतवैद्येच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत, योग्य दाढ निवडून, ती न कोरता आणि सुई न टोचता तिच्यावर पोलादी टोपी बसवतात. सिल्व्हर डायअमीन फ्लोराइड हे द्रव्य किडीवर नुसते लावले तरी ती पुष्कळदा थांबते. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. प्रत्येक दाताला ते चालते असे नाही, आणि किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो. इथे तराजूत एक तिसरेच पारडे अवतरते, शोभेचे. बक्कळ शिकलेले पालकही म्हणतात, ‘पण फोटोत कसं दिसेल?’ समोरच्या दातांपुरते आम्ही हे समजू शकतो. शाळेत पोरे चिडवतात, आणि तेही दुखणेच आहे. मागच्या दाढेवरचा काळा डाग मात्र, मूल तोंड उघडून खो खो हसले, तरच दिसतो.